'सफाईवाले' मासे नावाची थाप

गेल्या रविवारी सकाळी, म्हणजे माझ्या हिशोबाने पहाटे साडेनऊला, बेल वाजली. शेजारच्या विंगमधला एक मुलगा दारात उभा. नुकताच नोकरीला लागलेला, पहिल्या दोन पगारांत बाईक आणि तिसऱ्या पगारात फिश टँक घेतलेला. हातात फुगवलेली प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत दोन पांढरट मासे, गुलाबी डोळे, तोंडाला मिशा.

"काका, तुमच्याकडे टँक आहे ना? दुकानवाला म्हणाला हे क्लीनर आहेत. खालची सगळी घाण खातात. म्हणजे आता पाणी बदलायला नको ना?"

'काका' हा शब्द आधी पचवला (अडतिसाव्या वर्षी अजून जड जातो). मग त्याला आत बोलावलं, चहा टाकला, आणि पुढचा दीड तास जे बोललो ते इथे लिहून काढतोय. कारण हाच प्रश्न मी स्वतः सहा वर्षांपूर्वी विचारला होता. मला तेव्हा "हो साहेब, अजिबात नको" असं उत्तर मिळालं होतं, आणि त्या उत्तराने दोन मासे मारले.

तर ती गोष्ट आधी.

मुलगी तेव्हा पाच वर्षांची. तिच्या हट्टापायी दोन फुटी टाकी आणली. दोन बाय एक बाय एक, म्हणजे साधारण चोपन्न लिटर. काचेच्या गोल बाऊलपेक्षा बरी म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली. सहा गप्पी, चार टेट्रा, आणि निघताना दुकानवाल्याने टाकलेला शेवटचा चेंडू: "साहेब, दोन क्लीनर घेऊन जा. वरून सांडलेलं सगळं खातात, वेगळं खायला घालावं लागत नाही." ऐकायला कसं छान वाटतं! एकदा इन्स्टॉल केलं की बॅकग्राउंडला आपोआप चालणारी प्रोसेस. आमच्या धंद्यातल्या माणसाला यापेक्षा मोठं आमिष नाही.

पुढचे अडीच महिने मी वरच्या गप्पींना चिमूटभर फ्लेक्स घालायचो, गप्पी ते पृष्ठभागावरच फस्त करायचे, आणि खालचे दोघे वाळूत... माफ करा, रंगीत खड्यांत तोंड खुपसून दिवसभर फिरत राहायचे. आम्हाला वाटायचं, काय मेहनती आहेत! पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचो. खरं तर ते अन्न शोधत होते आणि त्यांना ते मिळत नव्हतं. एक दिवस एक जण आडवा पडलेला दिसला, चार दिवसांनी दुसरा. पोट आत ओढलेलं. रोग नाही, काही नाही. घरात रोज दोन वेळा मासे जेवायला घालणारा माणूस असताना ते भुकेने मेले.

ऑफिसात काही कोसळलं की आम्ही त्यामागचं मूळ कारण शोधत बसतो. या प्रकरणात ते कारण एकच शब्द होता: 'क्लीनर'. एखाद्याचं नावच तुम्ही कामावरून ठेवलंत, की तो काय खातो, कुणाबरोबर राहतो, त्याला काय झेपतं हे प्रश्न तुमच्या डोक्यात येतच नाहीत. मला तरी नाही आले.

आता हे मासे आहेत कोण ते बघू. आपल्याकडे 'कोरी' किंवा 'कॅटफिश' म्हणून मिळणारे हे कोरिडोरस. मूळचे दक्षिण अमेरिकेतले, अ‍ॅमेझॉन, ओरिनोको, ला प्लाटा या नद्यांच्या खोऱ्यांतले. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांच्या दोन रांगा, शिरस्त्राण घातल्यासारखं डोकं. नावाचा ग्रीक अर्थही तसाच आहे, शिरस्त्राण आणि कातडं. पेपर्ड कोरी नावाचा जो ठिपक्यांचा प्रकार मिळतो, त्याचे नमुने बीगल जहाजाच्या सफरीत खुद्द डार्विनने गोळा केले होते आणि 1842 साली जेनिन्सने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी या सगळ्या कुटुंबाची फेरमांडणी केली. त्यामुळे आपला नेहमीचा ब्राँझ कोरी आता कागदोपत्री कोरिडोरस राहिलेला नाही, 'ऑस्टिओगास्टर' झालाय. दुकानदाराला हे सांगायला जाऊ नका. मी गेलो होतो.

यांची एक गंमत म्हणजे हे आतड्यातून श्वास घेऊ शकतात. मधूनच रॉकेटसारखे सरळ वर जातात, पृष्ठभागावरची हवा गिळतात आणि परत खाली. आतड्याच्या मागच्या भागातून ती हवा रक्तात शोषली जाते. मूळ ठिकाणी उन्हाळ्यात पाणी आटतं, प्राणवायू कमी होतो, तेव्हा जगायची ही सोय. तासाभरात एखाददुसरी उडी मारली तर तो त्यांचा स्वभाव. सगळेच सारखे सारखे वर येऊ लागले, तर मात्र पाण्यात काहीतरी बिनसलंय. टाकीतला याहून स्वस्त अलार्म मला माहीत नाही. दुसरी गंमत: हे डोळा मारतात. म्हणजे बुबुळ खाली फिरवतात आणि ते डोळा मारल्यासारखं दिसतं. "बाबा, त्याने मला डोळा मारला!" हे वाक्य आमच्या घरात अजून ऐकू येतं.

बरं, मग साफसफाई? साधा जमाखर्च मांडू. समजा कोरीने खाली पडलेला दाणा खाल्ला. त्याचं पुढे काय झालं? तो तुमच्या-माझ्यासारखाच पचवणार आणि उरलेलं बाहेर टाकणार. शिवाय कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडणार. टाकीत एक मासा वाढवला की कचरा वाढतो, कमी होत नाही. माशाची विष्ठा खाणारा मासा दुकानात मिळत नाही, आणि काचेवरचं हिरवं शेवाळ कोरी खात नाही. तो किडे, अळ्या, गांडुळाच्या जातीचे बारीक जीव, असलं मांसाहारी जेवण शोधत वाळू चाळणारा प्राणी आहे.

खरी सफाई करणारे डोळ्यांना दिसतच नाहीत. फिल्टरच्या स्पंजमध्ये, वाळूच्या कणांवर जीवाणू वाढतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं आहेत, तिसरं त्या मानाने सौम्य, ते आपण पाणी बदलून काढतो. ही वसाहत नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. शुक्रवारी टाकी आणली आणि रविवारी मासे सोडले, की पुढच्या दहा-पंधरा दिवसांत जे मरतात ते या विषाने. आणि आपण म्हणतो, 'आमच्या घराला मासे लाभत नाहीत.' घराचा काही संबंध नाही हो! सर्व्हर सुरू व्हायच्या आत लोक लॉगिन करायला लागले, एवढंच झालंय.

यात अजून एक मेख आहे. पाण्याचा सामू (म्हणजे पीएच) वाढला की अमोनिया जास्त विषारी होतो. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल, तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो. सामू 8 झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दसपट. धरणाचं मऊ पाणी आणि बोअरवेलचं जड पाणी यांच्यात हा फरक सहज पडतो. उन्हाळ्यात नळाला धरणाचं आणि टँकरला बोअरचं अशी ज्या सोसायट्यांची तऱ्हा आहे, त्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. टाकी तीच, मासे तेच, सवयी त्याच, तरी एप्रिलमध्ये अचानक का मरतात, याचं उत्तर बऱ्याचदा टँकरमध्ये असतं.

पाण्यावरून आठवलं. हे लिहायचं की नाही असा विचार करत होतो, पण लिहितोच.

पहिल्या दोघांनंतर मी शहाणा झालो होतो. वाचलं, टाकी नीट बसवली, नऊ ब्राँझ कोरी आणले. दोन वर्षं मजेत चाललं. मग 2022 च्या मे महिन्यात आमच्या सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी साफ करून घेतली, आणि ज्याने साफ केली त्याने ब्लीचिंग पावडर सढळ हाताने टाकली. ग्रुपवर सूचना आली होती: 'पाण्याला वास आल्यास काळजी करू नये, दोन दिवस पाणी उकळून प्यावे.' ती मी वाचली नाही, कारण एकशे चाळीस न वाचलेल्या निरोपांत ती कुठेतरी होती, त्यातले शंभर गुड मॉर्निंगचे. शनिवार सकाळ. दुपारी रिलीज होतं. क्लोरीन मारायचं औषध संपलं होतं. एरवी मी बादली दिवसभर उघडी ठेवतो, त्या दिवशी घाई होती. 'एक दिवस काय होतंय' म्हणून नळाचं पाणी थेट टाकीत ओतलं आणि लॅपटॉप उघडला.

संध्याकाळी पाच जण गेलेले होते. उरलेले चार पृष्ठभागावर धापा टाकत होते. क्लोरीन माशाचे कल्ले अक्षरशः भाजून काढतो. त्याहून वाईट म्हणजे फिल्टरमधले जीवाणूही मारतो, त्यामुळे जे वाचतात त्यांच्या वाट्याला पुढचे काही दिवस अमोनिया येतो. चौघे वाचले, पण मी पंधरा दिवस रोज पाणी मोजत आणि बदलत होतो.

मुलगी आठ वर्षांची. प्रत्येकाला नाव ठेवलेलं. मला वाटलं होतं रडेल, ती रडली नाही. थोडा वेळ टाकीकडे बघत बसली आणि म्हणाली, "बाबा, ऑफिसमध्ये तुझं चुकलं की तू काय करतोस?"

मी म्हटलं, "लिहून ठेवतो. परत होऊ नये म्हणून."

तिने वहीचं पान फाडलं, स्केचपेनने लिहिलं आणि टाकीच्या झाकणावर चिकटवलं: 'औषध घातल्याशिवाय पाणी घालू नये. हुकमावरून.' ते पान अजून तिथे आहे. शाई ओलाव्याने पसरलीय. करिअरमध्ये खूप चेकलिस्ट लिहिल्या, पण एवढी कसोशीने पाळली गेलेली दुसरी नाही.

असो. तर औषध म्हणजे सोडियम थायोसल्फेट, खड्यांच्या किंवा थेंबांच्या रूपात कुठल्याही मत्स्य-दुकानात मिळतं, स्वस्त असतं. संपायच्या आत आणा. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, नव्या पाण्याचं तापमान साधारण जुन्याइतकंच ठेवा, आणि स्पंज नळाखाली कधीही धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळला की पुरे. जुना मळका स्पंज ही टाकीतली सर्वात मौल्यवान वस्तू आहे.

आता जमिनीकडे येऊ, कारण तळाच्या माशाचं घर तेच. दुकानात ते निळे-गुलाबी खडे मिळतात ना, ते घेऊ नका. कोरी वाळू तोंडात घेतो, चाळतो आणि कल्ल्यांमधून बाहेर सोडतो. हे बघायला मिळावं म्हणून तरी वाळू घाला! कल्ल्यातून वाळूचा धूर निघाल्यासारखं दिसतं. मोठ्या खड्यांत त्याला हे करता येत नाही. खड्यांच्या फटींत सांडलेलं अन्न कुजतं, त्या घाणीत मिशा घासल्या जातात, जंतुसंसर्ग होतो आणि मिशा झिजून जातात. मिशा म्हणजे त्याची जीभ आणि बोटं दोन्ही. त्या गेल्या की अन्न शोधणं अवघड. दोष टोकदार खड्यांचा की घाणीचा यावर हौशी लोकांत घनघोर वाद आहेत. माझं मत विचाराल तर मुख्य आरोपी घाण, खडे साथीदार.

वाळू कुठली? इथे एक सावधगिरी. बिल्डिंगच्या कामावरून मूठभर आणली तर ती आजकाल बहुधा क्रश सँड असते, दगड फोडून केलेली. कितीही धुतली तरी तिच्या कडा टोकदारच राहतात. गोल कणांची नदीची वाळू किंवा फिल्टरसाठी मिळणारी बारीक सिलिका वाळू घ्या. थोड्या वाळूवर व्हिनेगर टाकून बघा. बुडबुडे आले तर तिच्यात शिंपल्यांचा किंवा चुन्याचा अंश आहे, पाणी जड करेल. थर दोन-तीन सेंटिमीटरचा पुरे. आणि हो, धुवा. पाणी नितळ येईपर्यंत धुवा. आमच्या घरी हा कार्यक्रम बाथरूममध्ये झाला आणि त्यानंतर प्लंबरला बोलवावं लागलं, त्यावर बायकोचं जे मत आहे ते इथे देत नाही.

खाणं: बुडणाऱ्या गोळ्या. दिवा बंद केल्यावर घाला, वरची मंडळी तेव्हा सुस्तावलेली असतात. आठवड्यातून एकदा-दोनदा फ्रोझन ब्लडवर्म. जिवंत ट्युबिफेक्स कोरींना प्रचंड आवडतात, पण ते गटाराच्या नाहीतर तसल्याच पाण्यात वाढतात, त्यामुळे मी घेत नाही. पोट खालून किंचित गोलसर दिसलं पाहिजे. आत गेलेलं दिसलं की समजा, वरचे लोक ताट पळवतायत.

आणि सोबत. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका हाच कोणी सांगत नाही. 'दोन क्लीनर द्या' हे वाक्यच चुकीचं आहे. हे मासे कळपाने राहतात. एकाच जातीचे किमान सहा हवेत. दोन आणले तर ते कोपऱ्यात झाडामागे दबून बसतात, आणि आपण म्हणतो लाजाळू आहेत. चोपन्न लिटरच्या टाकीत सहा कोरी आणि वर आठ-दहा लहान टेट्रा, बास. जास्त नको. त्याच पैशात एक कोरी, एक लोच, एक एंजल, एक शार्क असं भेळेचं मिश्रण करण्यापेक्षा ही टाकी शंभर पटीने देखणी दिसते. पकडायची वेळ आली तर जाळी वापरू नका. परांचे काटे उघडून अडकवायची त्यांना सवय असते, ते जाळीत गुंततात. प्लास्टिकचा मग बरा.

उन्हाळा हे आपल्याकडचं खरं संकट. परदेशी लेखांत हीटरबद्दल पानंच्या पानं असतात. मुंबईत राहणाऱ्याने ती सोडून द्यावीत, आणि पुण्यातल्याने डिसेंबर-जानेवारीपुरती वाचावीत. आपला प्रश्न उलटा. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या घरात टाकीचं पाणी 32 अंशांवर सहज जातं. ब्राँझ कोरीला 22 ते 26 बरं वाटतं, पेपर्डला त्याहूनही गार लागतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, लिटरमागे 25 अंशांना सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास तर 32 ला सव्वासात, आणि माशाची गरज मात्र वाढलेली असते. उपाय साधा आहे, माठाचा. झाकण काढा (जाळी लावा, मासे उडी मारतात) आणि पृष्ठभागावर लहान पंखा सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. मुंबईच्या दमट हवेत थोडे कमी. उडालेलं पाणी रोज भरत राहायचं. बर्फाचे खडे टाकू नका, तापमान झपकन पडणंही वाईट. ज्यांच्याकडे एसी नाही आणि जे नागपूर-जळगावकडे राहतात त्यांनी पांडा, पेपर्ड यांच्या वाटेला जाऊच नये. स्टेर्बाय नावाचा ठिपक्यांचा, केशरी परांचा कोरी 28 पर्यंत आरामात राहतो. महाग मिळतो, पण दर उन्हाळ्यात नवे आणण्यापेक्षा स्वस्तच पडतो.

वीज गेली तर? बॅटरीवरचा हवेचा पंप कपाटात ठेवा. फिल्टर बंद पडून बरेच तास झाले तर आतले जीवाणू गुदमरून मरतात आणि वीज आल्यावर तोच सडका माल टाकीत येतो. सुरू करण्याआधी तो स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून घ्या.

औषधांबद्दल एकच. पांढरे ठिपके दिसले की दुकानदार एक निळी नाहीतर हिरवी बाटली देतो आणि 'झाकणभर टाका' म्हणतो. कोरी आणि त्याहून जास्त करून लोच या औषधांना नाजूक असतात. तांबं असलेलं आणि मॅलेकाइट ग्रीन असलेलं औषध बेताने, अर्ध्या मात्रेने सुरू करून, माशांकडे बघत वापरायचं. मुळात रोग येऊच नये म्हणून नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा. आमचा टब बाल्कनीत असतो, वाळत घातलेल्या कपड्यांच्या खाली. सौंदर्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता मूळ भांडणाकडे. दुकानदाराशी माझं वैर नाही. भाडं, वीज, रोज मरणारा माल, ग्राहकाला दहा मिनिटांत 'काहीतरी रंगीत' हवं असतं. पण 'क्लीनर' हा शब्द त्याने वापरणं बंद करावं, असं मला मनापासून वाटतं. या एका शब्दाने किती प्रकार विकले जातात बघा. दोन इंचाचा 'सकर' घेतलाय का कधी? काचेला चिकटणारा, काळा, खडबडीत. तो फूट-दीड फूट होतो! दोन फुटी टाकीत. मग घरचे वैतागतात, मारवत तर नाही, म्हणून एक दिवस त्याला तळ्यात नाहीतर नदीत 'मोकळं' करतात. पुण्य लागेल म्हणून. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आज भारतातल्या कित्येक तळ्या-नद्यांत पसरलाय, जाळ्यात सापडतो, खाण्याच्या उपयोगाचा नाही, आणि अंगावरच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाडतो. आपल्या टाकीच्या सफाईचं बिल कोणीतरी तिसराच भरतोय.

आणि दुसरं टोक. तळाचाच एक सुंदर मासा दुकानात 'झेब्रा लोच' म्हणून मिळतो. पिवळसर अंगावर बारीक गर्द पट्टे. मी तो घ्यायला गेलो होतो. गोगलगायी खातो असं वाचलं होतं, माझ्या टाकीत त्या बेसुमार झाल्या होत्या. म्हणजे बघा, पुन्हा मी मासा नाही, कामगारच शोधत होतो! घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की हा परदेशी नाहीच. बोटिया स्ट्रायटा. 1920 साली सी. आर. नारायण राव यांनी तुंगा नदीतल्या नमुन्यांवरून याचं वर्णन केलं. फक्त पश्चिम घाटात सापडतो, कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातल्या नद्या-ओढ्यांतही. माझं आजोळ कोल्हापूरकडचं. लहानपणी मे महिन्यात ज्या पाण्यात डुंबलो, त्या पाण्याचा हा शेजारी, आणि मी त्याला पुण्यातल्या दुकानात इंग्रजी नावाने ओळखत होतो. जागतिक यादीत तो आज धोक्यात आलेल्या प्रजातींत आहे.

बोटिया घरच्या टाकीत सहसा पिल्लं देत नाहीत. म्हणजे दुकानातला मासा एक तर संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन पैदास केलेला, नाहीतर सरळ ओढ्यातून उचललेला. मी विचारलं, "दादा, हे कुठून येतात?" तो म्हणाला, "कोलकात्याहून पार्सल येतं सर." कोलकात्याला कुठून येतात, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी घेतला नाही. माझ्या न घेण्याने ओढा वाचणार नाही, हे कळतं. काही मित्रांचं म्हणणं उलट आहे, की लोकांनी पाळला तरच त्याच्याबद्दल आस्था वाटेल. असेलही. पण त्याला वाहतं गार पाणी लागतं, पाच-सहाचा कळप लागतो, आणि माझ्या चोपन्न लिटरमध्ये ते जमत नाही. गोगलगायी मी रात्री काकडीची चकती ठेवून, सकाळी तिच्यासकट बाहेर काढतो. तीन आठवड्यांत आटोक्यात आल्या.

तर हे सगळं त्या मुलाला सांगितलं. चहा दोनदा झाला. तो जरा हिरमुसला, कारण त्याची टाकी शुक्रवारी आली होती, शनिवारी पाणी भरलं होतं आणि घरी आईला 'रविवारी मासे' असं कबूल केलं होतं. शेवटी असं ठरलं: त्याचे दोन्ही पांढरे कोरी पाहुणे म्हणून माझ्याकडे. (बाल्कनीतल्या टबात. मी माझेच नियम सांगून मोडणार नव्हतो.) माझ्या फिल्टरमधला अर्धा मळका स्पंज कापून त्याला दिला. रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकायचं, ते कुजून अमोनिया होईल, जीवाणू वाढतील, आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की अजून चार कोरी आणून सहा जण एकदमच घरी न्यायचे. त्याची आई जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "अहो, हा रिकाम्या टाकीला रोज खायला घालतोय, तुम्हीच सांगितलंत म्हणे?" मी हो म्हटलं आणि पटकन लिफ्टमध्ये शिरलो.

काल रात्री त्याचा फोटो आला. टेस्ट ट्यूब, मागे पांढरा कागद धरलेला. 'काका, हिरवं आलंय. पिवळं व्हायला हवं ना?' म्हटलं, हो, अजून थांब. तुझे दोघे इकडे मजेत आहेत, आत्ताच गोळ्या खाऊन झाल्या.

खाली मुलीने ओळ वाढवलीय: 'एकाने डोळा मारला.'